न बोललेला नवस

“मोजे घालून कुणी प्रदक्षिणा घालतं का?” असं म्हणत आईने भिंतीला हात टेकून दोन्ही पायांतले मोजे काढले, त्यांची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. चैत्रातली विनायकी चतुर्थी होती. अकरा वाजून गेले होते. मोरगावच्या देवळाच्या तटाची सावली आखडत भिंतीच्या पायाशी आली होती आणि आवारातले दगड तापायला लागले होते. आईने पदराच्या गाठीतले एकवीस शेंगदाणे मोजून घेतले. एक फेरी झाली की एक शेंगदाणा तरटीच्या झाडाखाली ठेवायचा, म्हणजे मोजणी चुकत नाही, हे तिचं लहानपणापासूनचं गणित. मग तिने कळसाकडे बघून हात जोडले आणि चालायला लागली. मी तिच्यामागे, हातात मोज्यांची गुंडाळी घेऊन.

हा नवस माझा होता. निदान आईला तसंच ठाऊक होतं. मी तो कधीच बोललो नव्हतो.

त्याआधीच्या दिवाळीत तिच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तिला पुण्याला नेलं. तीन ठिकाणी ब्लॉकेज निघाले. बायपास करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि रात्री मला म्हणाली, “मला घरी ने. चौऱ्याहत्तर वर्षं झाली, पुष्कळ झाली. छाती फाडून घेऊन आता काय करायचंय?” दोन दिवस आम्ही सगळ्यांनी समजावलं. बहिणीने रडून बघितलं, बायकोने नातवंडांची नावं घेऊन बघितली. आई कुणाला रागावली नाही, कुणाचं ऐकलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी संमतीच्या कागदावर सही हवी होती. मी तिच्या पलंगाशी स्टुलावर बसलो होतो. सलाइनची सुई जागेवर राहावी म्हणून तिच्या मनगटावर लावलेल्या चिकटपट्टीची कड ती दुसऱ्या हाताच्या नखाने खरवडत होती. आणि माझ्या तोंडून गेलं, “मी मोरयाला बोललोय. तू बरी झालीस की एकवीस प्रदक्षिणा घालू.”

तिचं नख थांबलं.

“तू बोललास?”

“हो.”

“कधी?”

“काल रात्री.”

ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मग आता इलाज नाही. देवाला दिलेला शब्द आहे. आण तो कागद.”

आदल्या रात्री मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून इन्शुरन्सच्या माणसाशी फोनवर बोलत होतो. देवाशी मी बोललो नव्हतो. माझं त्याच्याशी बोलणं बंद होऊन तीसेक वर्षं झाली असतील. भांडण होऊन बंद झालं नाही. आमच्या गावच्या विहिरीचं पाणी फाल्गुनापासून रोज एकेक पायरी खाली जातं आणि एखाद्या दिवशी वाकून बघितलं की तळ दिसतो, तशी माझी श्रद्धा गेली. कोणत्या दिवशी गेली ते सांगता येणार नाही. तळ दिसला तेव्हा मी पुण्यात शिकत होतो आणि घरी कुणाला सांगावं असं काही त्यात वाटलं नाही. सुट्टीत घरी आलो की देवापुढे हात जोडायचो, गणपतीत आरतीला उभा राहायचो, मोरगावला आईबरोबर जायचो.

आमच्या लहानपणी मोरगावला जायचं म्हणजे सगळं घर निघायचं. दादा मात्र, म्हणजे माझे वडील, आत यायचे नाहीत. पायऱ्यांच्या खाली, गणपतीकडे तोंड करून बसलेल्या त्या मोठ्या दगडी नंदीशेजारी ते आमच्या चपला घेऊन बसायचे. “मी चपला सांभाळतो, तुम्ही जाऊन या.” चपला चोरीला जातात म्हणून ते बसतात, असंच मला कितीतरी वर्षं वाटत होतं. गणपतीपुढे नंदी कसा, हे त्यांनीच सांगितलं होतं. हा नंदी दुसऱ्या एका शंकराच्या देवळात न्यायचा होता, वाटेत इथे गाडा मोडला आणि नंदी काही केल्या हलेना, म्हणून तो इथेच राहिला, अशी गावची गोष्ट. दादा ती रंगवून सांगायचे आणि शेवटी नंदीच्या पाठीवर हात थोपटायचे. देवाला मात्र हात जोडताना मी त्यांना बघितलं नाही.

मोरगावचं देऊळ लांबून बघितलं की पहिल्यांदा दिसतो तो तट, सुमारे 50 फूट उंच, आणि त्याच्या चार कोपऱ्यांवरचे चार मिनार. अष्टविनायकांतला हा पहिला गणपती, यात्रा इथून सुरू करायची आणि इथे येऊन पुरी करायची. पण नवखा माणूस कऱ्हा नदीच्या पलीकडून बघेल तर त्याला ती मशीद वाटेल. गावातले जुने लोक सांगतात की तसं वाटावं म्हणूनच ते तसं बांधलं. सुभेदार गोळे यांनी सुलतानी अमलात हे देऊळ उभारलं आणि येणाऱ्या फौजेने लांबूनच बघून पुढे निघून जावं, अशी ती युक्ती होती. इतिहासकार याला मान्यता देतील की नाही, तो वेगळा प्रश्न आहे. त्या काळी दख्खनेत सगळेच गवंडी मिनार आणि कमानी बांधत होते, त्यामुळे कारण साधं शैलीचंही असू शकेल. पण गावाने जी गोष्ट जपली, ती सोंगाची आहे. आपल्या देवाने परक्या धर्माचं रूप पांघरलं, हे सांगताना मोरगावात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट सांगणाऱ्याच्या आवाजात कौतुक असतं.

आईच्या मागे फिरताना मी त्या मिनारांकडे बघत होतो. सहावी फेरी, सातवी फेरी. आई बोलत नव्हती, ओठ हलत होते. नवव्या फेरीला मी म्हणालो, “आई, बस झालं. बाकीच्या मी घालतो.” ती म्हणाली, “तू माझ्यासाठी मागितलंस. माझे पाय आहेत तोवर तू का घालायच्या?” मी हॉस्पिटलात “घालू” म्हणालो होतो. “घालीन” म्हणालो असतो तर? एका अक्षराचा फरक. पण ते अक्षर मी निवडलं नव्हतं, कारण त्या वाक्यातलं काहीच मी विचार करून बोललो नव्हतो. खोट्या शब्दाला मोजमाप नसतं. देवाला जो खरोखर बोलतो, तो आपल्या अंगावर किती घ्यायचं ते आधी ठरवतो.

एकविसावा शेंगदाणा ठेवून झाल्यावर ती आत गेली. शेंदराने माखलेल्या त्या मूर्तीच्या डोळ्यांतले हिरे निरांजनाच्या उजेडात चमकत होते. आईने मला पुढे ढकललं. “तुझा नवस आहे. तू सांग, फिटला म्हणून.” मी हात जोडले. गाभाऱ्यासमोर, माणसांच्या दाटीत, आई माझ्याकडे बघत असताना मी ओठ हलवले. काहीच म्हणत नव्हतो, नुसते ओठ हलवत होतो. माझ्या आयुष्यात इतकं लाजिरवाणं काही मी केलेलं मला आठवत नाही.

गाडीत बसल्यावर तिने मोजे घातले. घरी आल्यावर बायकोला उजव्या मोज्याच्या तळाशी ओला, तांबूस डाग दिसला.

आईला तेवीस वर्षांची शुगर आहे. तळपायांना संवेदना जवळजवळ उरलेली नाही. घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही, रोज रात्री तळवे आरशात बघायचे, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं आणि ते मला पाठ होतं. त्या दिवशी दगडावर तिचा पाय भाजला, बोटांच्या मागच्या गादीवर रुपयाएवढा फोड आला, तो फेऱ्या घालताना फुटला आणि त्यावर ती आणखी चालली. तिला काही कळलं नाही. दुखलंच नाही तर थांबणार कशी? ती जखम साडेतीन महिने होती. रोज संध्याकाळी मी तिचा पाय मांडीवर घेऊन ड्रेसिंग करायचो. सलाइनच्या पाण्याने धुवायचं, कडेची मेलेली कातडी कापसाने हलकेच काढायची, बीटाडीन लावायचं, पट्टी बांधायची. जखमेच्या मधोमध फिकट पिवळा ठिपका होता, तो महिनाभर हलला नाही. एकदा डॉक्टर म्हणाले, करंगळीपर्यंत गेलं तर बोट काढावं लागेल. आई म्हणायची, “तू एवढा घाबरतोस का रे? मला काही दुखत नाही.”

ते साडेतीन महिने मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. मनात नसताना देवापुढे हात जोडणं हे पाप आहे का? पाप हा शब्द माझा नाही, पण दुसरा शब्द मला सुचत नाही.

या प्रश्नाला महाराष्ट्रात मोठी परंपरा आहे. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग तिच्यातले प्रमुख. मराठीचं व्याकरण लिहिणारे, शाळा चालवणारे, विद्वान माणूस. सभेला जातिभेद मान्य नव्हता, मूर्तिपूजा मान्य नव्हती. सभासद व्हायचं असेल तर जातीबाहेरच्या माणसाने भाजलेला पाव सगळ्यांसमोर खायचा. पण सगळ्यांसमोर म्हणजे बंद दाराआड. सभा गुप्त होती. बैठक संपली की हे लोक आपापल्या घरी जाऊन संध्या करायचे, सोवळं नेसायचे, पंक्तीत आपल्या जागी बसायचे. जग तयार झालं की आपण उघड होऊ, असं ठरलं होतं. 1860 च्या सुमाराला सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली आणि नावं फुटली. दहा-अकरा वर्षं चाललेली सभा पाहता पाहता विस्कटली.

मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला या लोकांची कीव आली होती. आता येत नाही. जातीतून टाकणं म्हणजे काय, ते आज आपल्याला कळायचं नाही. न्हावी येत नाही, भटजी येत नाही, लेकीचं लग्न जमत नाही, घरातल्या मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. एवढं डोक्यावर टांगलेलं असताना सोवळं नेसलं म्हणून मी कुणाला खोटारडा म्हणणार नाही. पण आईच्या पायाला पट्टी बांधताना मला एक भलताच माणूस आठवायला लागला. तो पाव भाजणारा. त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. त्याच्या हातचं आपण खातो, यात विटाळ नाही, हे ज्या शहाण्यासुरत्या माणसांना पटलं होतं, ती माणसं दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटल्यावर त्याच्यापासून अंग चोरून जात होती. दार बंद असेपर्यंत तो माणूस होता, दार उघडलं की पुन्हा विटाळ. ज्यांनी सोंग घेतलं त्यांना सोंगाने वाचवलं. त्या सोंगाची किंमत मात्र खोलीत नसलेल्या माणसाने भरली.

नंतर 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहाचं प्रकरण झालं. मिशनच्या पाद्रींनी व्याख्यानाला शहरातली प्रतिष्ठित मंडळी बोलावली, व्याख्यान झाल्यावर चहा-बिस्किटं पुढे आली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. काहींनी चहा घेतला, काहींनी नुसता कपाला हात लावला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि शहर पेटलं. ग्रामण्य झालं, म्हणजे जातीचा बहिष्कार पडला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. आणि न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 साली प्रायश्चित्त घेतलं.

रानडे प्रार्थना समाजाचे. चहा पिण्यात पाप आहे असं त्यांना कधीही वाटलं नसणार. स्नेह्यांच्या घरी बहिष्कारामुळे चाललेले हाल त्यांना बघवेनात, म्हणून ते प्रायश्चित्ताला बसले. रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ या पुस्तकात या दिवसांबद्दल लिहून ठेवलं आहे. 1873 साली विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, ती मुलगी म्हणजे या रमाबाई. रानड्यांच्या मायाळूपणाचं ओझं उचलायची त्यांना सवय होती.

चहाच्या प्रकरणाआधी इंग्लंडमध्ये हेन्री सिजविक नावाचा तत्त्वज्ञ केंब्रिजला ट्रिनिटी कॉलेजात फेलो होता. फेलो व्हायचं तर चर्चच्या 39 कलमांवर आपला विश्वास आहे, अशी सही करावी लागे. सिजविकचा विश्वास उरला नव्हता. मनात नसताना केलेली सही चालवून घ्यावी का, यावर त्याने कित्येक महिने डोकं शिणवलं, पुढे त्यावर एक पुस्तिकाही लिहिली, आणि 1869 साली फेलोशिप सोडली. दोन वर्षांत कायदा होऊन ती अटच निघाली. त्याची गोष्ट वाचली की मान ताठ होते. पण कॉलेजने त्याला व्याख्याता म्हणून ठेवून घेतलं, हेही त्याच गोष्टीत आहे. त्याच्या आईच्या अंत्ययात्रेला माणसं मिळणार नाहीत, असं त्याला कुणी बजावलं नव्हतं. केंब्रिजचा गज घेऊन पुणं मोजू नये.

तरी रानड्यांबद्दल माझं मन निवळत नाही. त्यांनी घेतलेल्या प्रायश्चित्ताने स्नेह्यांच्या चुली पुन्हा पेटल्या असतील, पण पुणेकरांना त्यातून काय दिसलं? परधर्मीयाच्या हातचा चहा हे खरोखर धुऊन काढण्याजोगं काहीतरी आहे, हे त्यांच्या सगळ्यांत मोठ्या माणसाने पाटावर बसून मान्य केलं, असं दिसलं. पुन्हा तोच हात, कप पुढे करणारा. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

याच्या उलट गोवा. तिथे 1560 ते 1812, मधली थोडी वर्षं सोडता, इन्क्विझिशन होतं. बाटवलेल्या माणसांनी घरात काय शिजवावं, कसं नेसावं यावर पहारा. 1736 च्या फर्मानात भात मिठाशिवाय शिजवायलाही बंदी होती, कारण हिंदू तसा शिजवतात. अशा घरात जी बाई चर्चमध्ये गुडघे टेकत होती आणि मनात जुन्या देवीला हाक मारत होती, तिच्या सोंगाबद्दल तिला विचारायचा अधिकार कुणालाही नाही. तिचं सोंग तिने स्वतःच्या जिवावर घेतलं होतं. दुसऱ्या कुणाच्या अंगाला त्याची झळ नव्हती. मोरगावच्या मिनारांबद्दल गाव कौतुकाने का बोलतं, तेही मला इथे उमगतं. त्या मिनारांनी कुणाला फसवलं असेल तर फौजेला.

आणि आगरकर. त्यांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला, देव मानला नाही, तसं छापून लिहिलं, आणि घरात यशोदाबाईंच्या देवपूजेच्या आड आले नाहीत. पूजा तिची, मत त्यांचं, दोन्ही एका छताखाली. एवढं साधं मला पन्नास वर्षांत जमलं नाही.

कारण मी सोपी वाट काढली होती. ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हणताना मी स्वतःला समजावत असे की मोरया हे तर माणसाचं नाव आहे. मोरया गोसावी, मोरगावात तप केलेले, पुढे चिंचवडला गेलेले, तिथून पुन्हा पुन्हा मोरगावची वारी करणारे. अजूनही चिंचवडहून भाद्रपदात आणि माघात पालखी येते. देवाच्या नावाला भक्ताचं नाव असं चिकटलं की कुणी ते सोडवत नाही. मग मी त्या भक्ताला हाक मारली तर त्यात खोटं काय? बरीच वर्षं या युक्तिवादाने माझं भागलं. आई शेजारी हात जोडून उभी असताना तिला काय वाटत होतं, याचा हिशेब मी त्यात धरला नव्हता. माझ्या जोडलेल्या हातांवर विश्वास ठेवून ती एक दिवस उन्हात चालेल, हे माझ्या गणितातच नव्हतं.

श्रावणात जखम भरली. शेवटची पट्टी काढली तेव्हा खाली गुलाबी, चकचकीत, नवी कातडी आली होती. मी तिचा पाय मांडीवरून खाली ठेवला नाही. तसाच धरून म्हणालो, “आई, मी नवस बोललो नव्हतो.”

तिला आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं. दवाखान्यात खोटं बोललो, तू ऐकत नव्हतीस म्हणून बोललो. तिने पाय काढून घेतला, सपाता घातल्या आणि आत गेली. दुपारी जेवायला वाढलं तिने, पण बोलली नाही. मला वाटलं होतं की माझा देवावर विश्वास नाही, हे ऐकून ती मोडून पडेल. दिवसभर मी त्यावरचं उत्तर तयार करत बसलो होतो.

संध्याकाळी तिने देवाला दिवा लावला, मला कधी नव्हे ते हाक मारली नाही, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसली.

“तू मानत नाहीस ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुझे दादा तरी कुठे मानत होते? चाळीस वर्षं बाहेर बसले चपला घेऊन. मला एक दिवस त्याचं वाईट वाटलं नाही. आत येऊन हात जोडले असते तर वाटलं असतं.”

मी काही बोललो नाही.

“तुला मी हवी होते, तर तसं म्हणायचं होतंस. त्याला कशाला मधे घातलंस?”

या प्रश्नासाठी माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. त्या सकाळी स्टुलावर बसून मी तिला सांगितलं, पैशाची काळजी करू नकोस. सांगितलं, डॉक्टर चांगले आहेत. सांगितलं, नातवंडं वाट बघताहेत. ‘मला तू हवी आहेस’ हे एक वाक्य सोडून मी सगळं म्हणालो. आमच्या घरांत मुलगा मोठा झाला की आईला असलं काही म्हणत नाही, जीभच वळत नाही. म्हणून मी ते देवाच्या तोंडी घातलं. देव मला परका होता, त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपवायला मला संकोच वाटला नाही. त्याच्याशी ज्याचं खरं नातं होतं, तिच्या घरात शिरून मी ही चोरी केली होती.

रात्री उशिरा तिने विचारलं, “प्रदक्षिणा मग कोणाच्या नावावर लागल्या?” हा प्रश्न तिला खरोखर पडला होता. मी म्हणालो, “तुझ्या.” तिने थोडा विचार केला. “माझं तर काही मागणं नव्हतं,” ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली.

यंदा माघी चतुर्थीला तिने पुन्हा मोरगावला जायचं काढलं. माघात तिथे चिंचवडची पालखी येते, गर्दी असते, पण ऊन सोसवतं. आम्ही सकाळी लवकर निघालो. सुप्याच्या बाजूने येताना रस्त्याच्या कडेला गवताळ माळ लागतो, मयूरेश्वर अभयारण्याचा. तिथे दोन चिंकारा उभे होते. आईने काचेतून त्यांना बघितलं. “अजून आहेत म्हणायचे,” एवढंच बोलली. मोरगावात उतरल्यावर तिने नंदीशेजारच्या बाईकडून दुर्वा घेतल्या, नारळ घेतला. मी चपला काढायला वाकलो, तर ती म्हणाली, “तू बस इथे.”

त्या अकरा पायऱ्या ती बहिणीचा हात धरून चढली. मी नंदीच्या सावलीत चार चपलांचे जोड घेऊन बसलो. वर नगारखान्यात नगारा वाजत होता, त्याचा धक्का छातीत जाणवत होता. लोक येत होते, नंदीच्या कानाशी काही बोलत होते, पुढे जात होते. मी नंदीच्या पाठीवर हात ठेवला. हात लागून लागून तो दगड तिथे गुळगुळीत झाला आहे.

पाऊण तासाने आई बाहेर आली. पायात मोजे होते. तिने काढले नव्हते, त्यांच्या तळव्यांना हळद-कुंकवाचा चिखल लागला होता. माझ्याशेजारी बसून तिने खोबऱ्याचा तुकडा दिला, मग पदराची गाठ सोडली आणि शेंगदाण्यांची मूठ माझ्या हातात रिकामी केली.

“एकच घातली,” ती म्हणाली. “बाकीचे खा.”